वार्प ड्राइव्हचं बिल मायनसमध्ये येतं

दर पाच-सहा महिन्यांनी कोणीतरी फॉरवर्ड करतंच, "प्रकाशापेक्षा जोरात जाणारं यान आता शक्य, शास्त्रज्ञांनी गणिताने दाखवून दिलं", वर एक निळं चकाकणारं चित्र. गंमत म्हणजे ही बातमी धडधडीत खोटी नसते. गणितात ते यान, ज्याला 'वार्प ड्राइव्ह' म्हणतात, खरंच बसतं. पण "गणितात बसतं" म्हणजे नेमकं काय हे कोणी सांगत बसत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. म्हणून जरा सावकाश, समीकरणं न लिहिता सांगायचा प्रयत्न करतो.

आधी अडचण काय ते बघू. प्रकाश सेकंदाला साधारण ३ लाख किलोमीटर जातो (काटेकोर आकडा २,९९,७९२.४५८) आणि त्याच्यापुढे कोणी जाऊ शकत नाही हे आइनस्टाइनने १९०५ साली सांगून ठेवलंय. सूर्यानंतरचा आपला सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी, तो ४.२४ प्रकाशवर्षं लांब. १९७७ ला सोडलेलं नासाचं व्हॉयेजर १ हे यान सेकंदाला १७ किलोमीटरच्या आसपास पळतंय, ते त्या ताऱ्याकडे चाललेलं नाही पण चाललं असतं तर तेवढं अंतर कापायला ७५ हजार वर्षं लागली असती. म्हणजे शेजाऱ्याच्या घरी जायचं तर ही तऱ्हा, बाकी गावाचं सोडाच.

पण आइनस्टाइनच्या त्या नियमात एक पळवाट आहे. तो नियम जागेतून पळणाऱ्या वस्तूला लागू होतो, खुद्द जागेला नाही. १९१५ मध्ये आइनस्टाइननेच पुढचं पान उलटलं आणि सांगितलं की जागा, म्हणजे स्पेस, ही नुसती रिकामी खोली नाही, ती ताणली जाते, वाकते, आकसते. खूप लांबच्या गॅलेक्सी आपल्यापासून प्रकाशाच्या वेगापेक्षा जास्त वेगाने दूर चालल्यात आणि त्यात कुठलाही नियम मोडत नाही, कारण त्या पळत नाहीयेत, मधली जागाच वाढतेय. आणि हे कवीकल्पनेतलं ताणणं नाहीये बरं का, मोजलंय. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या लायगो या लेझरने अंतर मोजणाऱ्या यंत्राच्या ४-४ किलोमीटर लांबीच्या भुजा एका गुरुत्वीय लहरीने, म्हणजे जागेतच उठलेल्या तरंगाने, ताणल्या-आकसल्या, तो फरक एका प्रोटॉनच्या आकारापेक्षाही शेकडो पटींनी लहान होता, तरी पकडला. तसंच एक यंत्र आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला होतंय, २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याला केंद्र सरकारची शेवटची मंजुरी मिळाली.

तर जागा ताणता येते म्हटल्यावर १९९४ मध्ये मिगेल अल्क्युबियेरे नावाचा जेमतेम तिशीचा मेक्सिकन माणूस, तेव्हा वेल्समध्ये कार्डिफला होता, त्याने विचार केला की यान पळवायचंच कशाला, जागाच सरकवू ना. यानाच्या पुढची जागा आकसवायची, मागची फुलवायची, मध्ये एक बुडबुडा, त्यात यान निवांत बसलेलं. साडीच्या निऱ्या डोळ्यासमोर आणा. तुम्ही कापडावरच्या एका ठिपक्यावर उभे आहात, पुढच्या कापडाच्या निऱ्या घालत जायच्या आणि मागच्या सोडत जायच्या, तुम्ही ठिपका सोडला नाहीत तरी पदर जवळ आला. बुडबुड्याच्या आतली जागा अगदी सपाट असते त्यामुळे आतल्या माणसाला धक्का नाही, सीटला पाठ चिकटणं नाही, चक्क तरंगत बसायचं, आणि घड्याळही घरच्या घड्याळाच्या बरोबरीने चालतं. "वार्प ड्राइव्ह" हे नाव सायन्स फिक्शनमधून उचललंय हे त्याने आपल्या शोधनिबंधातच (पेपरात) कबूल केलंय. (पुढे २००१ मध्ये जोसे नातारिओने दाखवलं की पुढे आकसणं-मागे फुलणं हेही सक्तीचं नाही, त्याच्याशिवायही असा बुडबुडा सरकवता येतो, पण निऱ्या डोक्यात ठेवलेल्या बऱ्या.)

आता खरी गोष्ट. आइनस्टाइनच्या समीकरणाला दोन बाजू आहेत, डाव्या बाजूला जागेचा आकार आणि उजव्या बाजूला त्या जागेत काय भरलंय ते, म्हणजे मॅटर, ऊर्जा, दाब वगैरे. साधारणपणे माणसं उजवीकडून सुरू करतात, म्हणजे इथे एक तारा आहे, तर सांगा जागा कशी वाकेल. हे गणित भयंकर अवघड. अल्क्युबियेरेने आधी कळस मग पाया असं केलं. मला असा असा बुडबुडा पाहिजे, आकार त्याने हाताने काढला, आणि मग समीकरणाला विचारलं की बाबा यासाठी माल काय लागेल. आणि हे समीकरण त्या दुकानदारासारखं आहे जो गिऱ्हाइकाला कधी नाही म्हणत नाही, तुम्ही कुठलाही आकार काढून द्या, तो बिल करूनच देतो. तुम्ही उद्या गणपतीच्या आकाराची स्पेस मागितली तरी तो मालाची यादी हातात ठेवेल. त्यामुळे "आइनस्टाइनच्या समीकरणात बसतं" हे ऐकून हुरळून जायचं काही कारण नाही, तिथे सगळंच बसतं. बघायचं ते बिल.

आणि अल्क्युबियेरेचं बिल आलं मायनसमध्ये. बुडबुड्याच्या भिंतीत, यानाच्या भोवती कंकणासारखा जो पट्टा तयार होतो, तिथे ऊर्जेची घनता शून्यापेक्षा कमी पाहिजे. कमी म्हणजे थोडी नव्हे, ऋण. हे त्याने लपवलं नाही, पेपरातच लिहिलंय.

मायनस का, हा प्रश्न मला स्वतःला बरेच दिवस छळत होता, कारण सगळीकडे "एक्झॉटिक मॅटर लागतं" एवढं लिहून पुढे जातात. एक सोपा रस्ता असा. १९६४ मध्ये आयर्विन शपिरोने सुचवलं की सूर्याजवळून जाणारा सिग्नल उशिरा पोचला पाहिजे. मग शुक्र आणि बुधावर रडार सोडून मोजलं तर खरंच, सूर्याच्या कडेने जाऊन परत येणाऱ्या सिग्नलला जास्तीत जास्त २०० मायक्रोसेकंदांपर्यंत उशीर होत होता. म्हणजे साधं, आपल्या ओळखीचं वस्तुमान वाटेत असलं की प्रकाशाला उशीर होतो. मग तुम्हाला प्रकाशाच्याही आधी पोचायचं असेल तर वाटेत काय पाहिजे? उशीर करणाऱ्याच्या उलट काहीतरी. १९९८ मध्ये केन ओलमने हे नीट सिद्धच केलं की प्रकाशाला मागे टाकणारी अशी कुठलीही वाट काढा, कुठे ना कुठे ऋण ऊर्जा लागणारच. म्हणजे हा मायनस अल्क्युबियेरेच्या डिझाइनमधली चूक नाही जी पुढे कोणी हुशार माणूस दुरुस्त करेल. तो मायनस हेच त्या प्रवासाचं भाडं आहे.

आता ऊर्जा आणि वस्तुमान एकाच नाण्याच्या दोन बाजू, त्यामुळे मायनस ऊर्जा म्हटली की मायनस वस्तुमान, निगेटिव्ह मास, आलंच. आणि हा प्रकार इतका चक्रम आहे की इथे जरा थांबूच.

समजा तुमच्या हातात उणे एक किलोचा गोळा आहे. पहिला प्रश्न, सोडला तर वर जाईल की खाली? बहुतेक जण म्हणतात वर, फुग्यासारखा. चूक. शाळेतलं बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण आठवा. पृथ्वीचं बल त्याच्यावर उलटं लागतं, वरच्या दिशेला, हे बरोबर, पण वस्तुमान मायनस असल्यामुळे तो बलाच्या उलट दिशेला जातो. मायनस मायनस प्लस. म्हणजे खालीच पडतो, बाकीच्या दगडांसारखाच.

मग तळहातावर ठेवायला जा. हात त्याला वर ढकलतो, आणि वर ढकललं की तो खाली जातो, म्हणजे हात जितका जोर लावेल तितका तो हातातच घुसणार. बरं, छताच्या हुकाला दोरीने टांगू म्हटलं तर दोरी वर ओढते, म्हणून गोळा आणखी जोरात खाली, दोरी तुटेपर्यंत. त्याला हवेत स्थिर ठेवायचा असेल तर खालून जमिनीकडे ओढायला पाहिजे. टेबलावर असेल आणि बोटाने पलीकडे लोटलात तर तो तुमच्याकडे येणार. एखाद्या हट्टी पोरासारखं, जे सांगाल त्याच्या बरोबर उलटं.

आता मजा. एक साधा गोळा आणि एक मायनस गोळा, दोन्ही तेवढ्याच वजनाचे, पृथ्वीपासून लांब अवकाशात शेजारी ठेवा. साधं वस्तुमान सगळ्यांना ओढतं, मायनस वस्तुमान सगळ्यांना दूर लोटतं. त्यामुळे साधा गोळा मायनसपासून पळत सुटतो, आणि मायनस गोळा त्याच्याकडे ओढला जात मागे लागतो. अंतर तेवढंच, आणि दोघं एकामागे एक वेग वाढवत सुटतात, ना इंजिन ना इंधन. १९५७ मध्ये हर्मन बाँडीने हे जनरल रिलेटिव्हिटीत, म्हणजे आइनस्टाइनच्या त्या १९१५ च्या सिद्धांतात, बसवून दाखवलं. तुम्ही म्हणाल फुकटची ऊर्जा कुठून आली? आलीच नाही. एकाची गतिज ऊर्जा अधिक, दुसऱ्याची तेवढीच उणे, बेरीज सुरुवातीलाही शून्य आणि शेवटीही शून्य. संवेगाचंही तेच. हिशोबनीस कितीही खडूस असला तरी त्याला चूक सापडणार नाही, आणि तरी हे बघून कुठल्याही फिजिक्सवाल्याच्या पोटात गोळा येतो. माझं मत विचाराल तर निसर्गात असा माल सुटा मिळत नाही यावर पैज लावायला हा एकच प्रयोग पुरेसा आहे.

शिवाय दोन मायनस गोळे एकमेकांना लोटतात, त्यामुळे मायनस मालाचा दगड, ग्रह, तारा होणं गुरुत्वाकर्षणाने शक्यच नाही, तो असलाच तर विरळ होत होत पसरूनच जाणार. खाण वगैरे विसरा.

इथे लोक तीन गोष्टींची गल्लत करतात ती उरकून टाकू. अँटीमॅटर (साध्या कणांची उलट विद्युतभाराची जुळी भावंडं, जसं इलेक्ट्रॉनचं पॉझिट्रॉन) म्हणजे निगेटिव्ह मास नाही. हॉस्पिटलातल्या पेट स्कॅनमध्ये पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन भेटून गॅमा किरण निघतात, अँटीमॅटरचं वस्तुमान मायनस असतं तर बेरीज शून्य आली असती आणि काहीच निघालं नसतं. वर युरोपातल्या सर्न या प्रयोगशाळेतल्या अल्फा प्रयोगाने २०२३ मध्ये अँटीहायड्रोजन सोडून बघितला, तो खाली पडला. (वर सांगितल्याप्रमाणे मायनस गोळाही खालीच पडतो, त्यामुळे नुसत्या पडण्यावरून निकाल लागत नाही, खरा पुरावा पेट स्कॅनचाच.) दुसरं, डार्क एनर्जी, म्हणजे विश्वाचं फुगणं वाढवणारी ती अज्ञात ऊर्जा. तिचा दाब ऋण असतो, ऊर्जा अधिकच, तेव्हा तीही बाद. तिसरं, २०१७ मध्ये वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत अतिथंड रुबिडियमचे अणू ढकलल्यावर उलट दिशेला गेले आणि "निगेटिव्ह मास बनवलं" अशा बातम्या आल्या. ते होतं इफेक्टिव्ह मास, म्हणजे लेझरने अशी परिस्थिती तयार केली की अणू मायनस असल्यासारखे वागतात. वजनकाट्यावर ठेवले असते तर प्लसच भरले असते. सुंदर प्रयोग, पण वार्पशी संबंध शून्य.

मग मायनस ऊर्जा कुठेच नाही का? आहे, आणि इथेच गोष्ट रंगते. १९४८ मध्ये फिलिप्स कंपनीच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या हेंड्रिक कॅसिमिरने सांगितलं की निर्वात जागेत दोन धातूच्या प्लेटा एकमेकींच्या अगदी जवळ समांतर धरल्या तर त्या आपोआप एकमेकींकडे ओढल्या जातील. निर्वात पोकळी पूर्ण शांत नसते, तिच्यात क्वांटमची खळबळ चालूच असते, आणि प्लेटांच्या मधल्या चिंचोळ्या फटीत त्यातल्या काही लहरी मावतच नाहीत. म्हणून फटीतली पोकळी बाहेरच्या पोकळीपेक्षाही "रिकामी", म्हणजे ऊर्जा शून्याच्या खाली. १९९७ मध्ये स्टीव्ह लॅमोरोने हे बल नीट मोजलं. तेव्हा मायनस ऊर्जा ही थाप नाही.

पण किती? फट एक मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, धरली तर अशी एक घनमीटर जागा जमा केलीत तरी त्यातली मायनस ऊर्जा वस्तुमानात मोजायची तर तीसेक लाख हायड्रोजन अणूंइतकी भरते. ऐकायला तीस लाख, पण साध्या हवेच्या एका घनमीटरचं वजन सव्वा किलो असतं, हे त्याच्यापुढे धुळीचा कणही नाही. आणि त्या प्लेटांचं स्वतःचं वजन? ते धरलं तर सगळा डबा पुन्हा प्लसमध्येच. रुपयाची उधारी मिळवायला लाखाचं तारण ठेवण्यासारखं.

उधारी हा शब्द मी गमतीने वापरला नाही. लॅरी फोर्ड आणि टॉम रोमन या दोघांनी नव्वदच्या दशकात दाखवलं की क्वांटममध्ये मायनस ऊर्जा उधारीसारखीच मिळते. मोठी रक्कम घेतलीत तर क्षणात परत करा, जास्त दिवस ठेवायची तर चिल्लरच मिळेल, आणि परत करताना घेतल्यापेक्षा जास्त प्लस ऊर्जा भरावी लागते. याला त्यांनी नाव दिलं क्वांटम इंटरेस्ट, म्हणजे शब्दशः व्याज. निसर्ग पक्का सावकार निघाला. १९९७ मध्ये मायकल फेनिंग आणि फोर्डने हा उधारीचा नियम अल्क्युबियेरेच्या बुडबुड्याला लावला तर भिंत इतकी पातळ निघाली की अणू तिच्यापुढे अवाढव्य, आणि लागणारी मायनस ऊर्जा दिसणाऱ्या अख्ख्या विश्वाच्या वस्तुमानाच्या कित्येक पट. इथेच घोडं पेंड खातं.

मायनस ऊर्जेवरून आपल्याच माणसाची आठवण निघते. साठच्या दशकात केंब्रिजला फ्रेड हॉइल आणि जयंत नारळीकर यांनी स्थिर विश्वाच्या थिअरीसाठी जे सी-फील्ड वापरलं ते ऋण ऊर्जेचंच होतं. विश्वात नवीन मॅटर तयार होत राहतं म्हटलं की विचारणार, ऊर्जा कुठून आणली, तर उत्तर असं की जेवढं मॅटर अधिकच्या खात्यात तेवढंच सी-फील्ड उण्याच्या खात्यात, बाकी शून्य. ती थिअरी पुढे मागे पडली, पण कोल्हापुरात जन्मलेला एक तरुण तेव्हा मायनस ऊर्जेशी बिनधास्त खेळत होता हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

परत बिलाकडे. ते कमी करायचे प्रयत्न झाले. १९९९ मध्ये क्रिस व्हॅन डेन ब्रोकने युक्ती काढली, बुडबुडा बाहेरून अणूहूनही सूक्ष्म ठेवायचा आणि आतून ऐसपैस, मग बिल विश्वावरून काही सूर्यांवर आलं. नासातल्या हॅरॉल्ड व्हाइटने २०११-१२ च्या सुमारास कंकण जाड करून आकडा व्हॉयेजरच्या वजनाएवढा, सातेकशे किलोपर्यंत, खाली येतो असं मांडलं, आणि "नासा वार्प ड्राइव्ह बनवतंय" ही बातमी तिथूनच सुटली ती अजून फिरतेय. सातशे किलो ऐकून बरं वाटतं, पण ते उणे सातशे किलो आहेत हो. उणे सात ग्रॅमसुद्धा कोणाकडे नाहीत. याच व्हाइटचं नाव २०२१ मध्ये "चुकून वार्प बबल सापडला" म्हणून पुन्हा गाजलं, तेव्हा सापडलं होतं ते कॉम्प्युटरवरच्या कॅसिमिरच्या गणितातलं साम्य, बुडबुडा नव्हे.

समजा माल मिळालाच, तरी ड्रायव्हिंगची बोंब आहे. बुडबुडा प्रकाशापेक्षा जोरात चाललाय, म्हणजे आत बसलेल्याने पुढच्या भिंतीकडे सिग्नल पाठवला तर तो पोचतच नाही. ना स्टिअरिंग ना ब्रेक. मग बुडबुड्याची सोय वाटेवर आधीच करून ठेवायला हवी, रेल्वेचे रूळ टाकतात तशी, आणि ते रूळ टाकायला जाणाऱ्याला प्रकाशापेक्षा हळूच जावं लागणार! म्हणजे पहिली ट्रिप बैलगाडीनेच. वर २०१२ मध्ये सिडनीच्या लोकांनी हिशोब केला की वाटेतले कण बुडबुड्याच्या पुढच्या तोंडाशी गोळा होत जातात आणि थांबल्यावर सगळे एकदम पुढे सुटतात, म्हणजे ज्यांना भेटायला गेलात त्यांचीच राखरांगोळी. आणि असे दोन प्रवास नीट जुळवले तर निघायच्या आधीच घरी पोचता येतं, हा टाइम मशीनचा घोळ वेगळाच.

मग आता अलीकडे काय चाललंय? लोकांनी प्रश्नच बदलला. २०२१ मध्ये अलेक्सी बॉब्रिक आणि जानी मार्टिरे यांनी म्हटलं की प्रकाशापेक्षा जोरात जायचा हट्ट सोडा, मग बिल प्लसमध्ये येऊ शकतं. २०२४ मध्ये त्यांच्याच पुढच्या कामात कागदावरचा एक ठोस नमुना आला, आतून १० मीटर आणि बाहेरून २० मीटर त्रिज्येचं मॅटरचं कवच, सगळं साधं प्लस वस्तुमान, मायनस कुठेही नाही. मला हे सगळ्यात प्रामाणिक काम वाटतं. फक्त त्या बंगल्याएवढ्या कवचात गुरू ग्रहाच्या दुपटीहून जास्त वस्तुमान कोंबायचंय, ते प्रकाशापेक्षा कमी आणि एकाच ठरलेल्या वेगाने जातं, आणि त्याला मुळात तो वेग द्यायचा कसा हा प्रश्न तसाच आहे.

त्याच वर्षी आणखी एक पेपर आला, त्यातला एक लेखक परत कार्डिफचाच. त्यांनी विचारलं, आपल्याला जमत नसेल पण कुठेतरी कोणाचं तरी वार्प यान चालताना बिघडलं, बुडबुडा कोसळला, तर ते आपल्याला कळेल का? सिम्युलेशन केलं तर कोसळताना गुरुत्वीय लहरी सुटतात असं निघालं. पण एक किलोमीटरचं यान धरलं तर त्या लहरींचा सूर इतका वरच्या पट्टीचा येतो की अमेरिकेतल्या लायगोला तो ऐकू येत नाही, आणि हिंगोलीचं यंत्रही त्याच जातीचं, तेव्हा औंढा नागनाथच्या लेझरलाही तो सूर काही पकडता येणार नाही.